कड्यावरून उडी मारण्याआधी

रायगडावर टकमक टोकाशी गेलं की गाइड एक गोष्ट हमखास सांगतो. शिवाजी महाराज टोकावर उभे होते आणि मागे एक सेवक छत्री धरून उभा होता. वाऱ्याचा असा काही झोत आला की छत्रीसकट तो सेवक कड्याबाहेर उडाला. त्याने छत्रीची दांडी काही सोडली नाही. तरंगत तरंगत तो खाली निजामपुरात सुखरूप उतरला आणि तेव्हापासून त्या गावाला छत्री निजामपूर म्हणू लागले. गोष्ट खरी की रचलेली, या वादात मी पडत नाही. गावाचं नाव आजही तेच आहे, एवढं पुरे. मला मात्र ही गोष्ट ऐकताना दर वेळी वाटतं, दुसऱ्या दिवशी त्या सेवकाला कुणी विचारायला हवं होतं, “काय बाबा, पुन्हा उडतोस का?” त्याचं उत्तर आपल्या फार उपयोगी पडलं असतं.

कारण श्रोतेहो, हाच प्रकार पुन्हा पुन्हा आणि हौसेने करणारी माणसं आज जगात आहेत. उंच जागेच्या कडेवर उभं राहायचं, खाली उडी घ्यायची आणि काही क्षणांत पाठीवरची हवाई छत्री उघडून जमिनीवर उतरायचं. याला बेस जंपिंग म्हणतात. बेस हा शब्द चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे. इमारत, अँटेनाचा मनोरा, पुलाची कमान आणि चौथी पृथ्वी, म्हणजे आपला डोंगरकडा. अमेरिकेतले कार्ल बोनिश आणि त्यांच्या सोबत्यांनी हे नाव रूढ केलं. बोनिश हे चित्रीकरण करणारे गृहस्थ. १९७८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरून मारलेल्या उड्या कॅमेऱ्यात पकडल्या आणि लोकांना वेड लागलं. हेच बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेमधल्या ट्रोल वॉलवरून उडी मारताना गेले. या खेळाला ज्यांनी नाव दिलं, त्यांची ही गत.

आपल्या जिल्ह्यात बसून हा विषय कशाला काढला, असं कुणी म्हणेल. तर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. मध्यंतरी एका काव्यसंमेलनात त्याच भागातला एक मुलगा भेटला. संगमनेरला शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी पाचनईहून पर्यटकांना गडावर घेऊन जातो. कवितेविषयी विचारील असं वाटलं होतं, पण त्याने खिशातून मोबाइल काढला आणि परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. वटवाघळासारखे पंख असलेला पोशाख घातलेला माणूस कड्यावरून सूर मारतो आणि दरीतून पाखरासारखा जातो. मुलगा म्हणाला, “सर, आपल्या कोकणकड्यावरून हे व्हायला काय हरकत आहे? हिंमत तर आपल्याकडेपण आहे.”

हिंमत आहे, यात शंका नाही. पण त्या व्हिडिओत तीन मिनिटांची उडी होती. तिच्याआधीची वर्षं त्यात नव्हती. ती वर्षं कशी जातात, याची माहिती मी मग वाचून, विचारून जमा केली. मी स्वतः उडी मारणारा नाही. शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे. तरी या धंद्यातल्या माणसांनाही आकाशाची ओढ सुटलेली नाही, हे आधी सांगतो.

नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात, ज्याला आज कॉर्दोबा म्हणतात, अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होते. कवीही होते. त्यांनी अंगाला पिसं लावली, पंख बांधले आणि उंचावरून झेप घेतली. नंतरच्या काळातले इतिहासकार अल् मक्करी लिहितात की ते बऱ्यापैकी अंतर उडत गेले. उतरताना मात्र पाठीला जबर इजा झाली, कारण पाखरू शेपटीच्या आधाराने उतरतं आणि शेपूट लावायचं राहून गेलं होतं. दुसरे अल् जौहरी. अरबीतला ‘सिहाह’ हा मोठा शब्दकोश यांचाच. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातल्या निशापूरला त्यांनी लाकडी पंख बांधून मशिदीच्या छतावरून उडी घेतली आणि तिथेच त्यांचा अंत झाला. शब्दकोश रचणारा एवढा काटेकोर माणूस, ज्याने एकेक शब्द पारखून घेतला, त्याने पंख पारखून घेतले नाहीत. मला याचं राहून राहून नवल वाटतं.

तिसरी गोष्ट पॅरिसच्या एका शिंप्याची. फ्रांझ राइखेल्ट त्याचं नाव. त्याने अंगरख्यासारखी घालता येईल अशी हवाई छत्री शिवली. बाहुल्या टाकून केलेले प्रयोग जमले नव्हते. उंची कमी पडते म्हणून ते फसतात, अशी त्याची समजूत होती. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी तो आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर, ५७ मीटर उंचीवर चढला. पोलिसांनी परवानगी दिली होती ती बाहुली टाकण्यासाठी. ऐन वेळी त्याने स्वतःच उडी टाकली. छत्री उघडली नाही. त्या प्रसंगाची फिल्म आजही उपलब्ध आहे. उडी मारण्यापूर्वी कठड्यावर पाय ठेवून तो बराच वेळ घुटमळताना दिसतो. त्या वेळी त्याला हाताला धरून मागे ओढणारं कुणी नव्हतं.

आता विमानातून उडी मारणारे कितीतरी लोक आहेत, मग कड्यावरून मारली तर असा काय फरक पडतो, हा प्रश्न साहजिक आहे. फरक वेळेचा आहे. विमानातून दहा-बारा हजार फुटांवरून उडी मारणारा माणूस तीनेक हजार फुटांवर छत्री उघडतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो, तरीही जमीन पंधरा-सतरा सेकंद लांब असते. मोठी छत्री बिघडली तर दुसरी, राखीव छत्री पाठीवर असते. तो बेशुद्ध पडला तर ठरलेल्या उंचीवर ती आपोआप उघडणारं यंत्रही असतं. बेस जंपिंगमध्ये यातलं बहुतेक काही नाही. छत्री एकच. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स गावाजवळ पेरीन पूल आहे, नदीपासून ४८६ फूट उंच. तिथून पडणारी वस्तू साडेपाच-सहा सेकंदांत पाण्यावर आदळते. पहिल्या सेकंदात आपण १६ फूट पडतो, दुसऱ्याच्या अखेरीस ६४ आणि तिसऱ्याच्या अखेरीस १४० फुटांच्या आसपास. दुसरी छत्री असती तरी ती उघडायला सवड कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट मला वाचेपर्यंत सुचली नव्हती. विमानातून बाहेर पडताच वाऱ्याचा मोठा झोत मिळतो. हात जरा हलवला की त्या हवेच्या आधाराने शरीर सावरता येतं. कड्यावरून निघताना वेग शून्य असतो, म्हणून हवेचा आधारही शून्य. पहिल्या एक-दोन सेकंदांत तुम्ही हातपाय कितीही मारा, शरीर वळत नाही. पायाने कडा सोडताना जो रेटा दिला, जशी मान ठेवली, तसेच तुम्ही जाणार. मान खाली गेली तर कोलांटी. म्हणून शिकवणारे आधी गरम हवेच्या फुग्यातून उड्या मारायला सांगतात. फुगा वाऱ्याबरोबर वाहतो, त्यामुळे तिथूनही अशाच थंड, बिनआधाराच्या हवेत पडावं लागतं. खाली उंची मात्र भरपूर असते.

आमच्या लहानपणी गावात पोहायला शिकवायचे ते आठवतं. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर रिकामा डबा बांधायचे, कमरेला दोर आणि दोराचं टोक थोरल्या माणसाच्या हातात. असे आठ-पंधरा दिवस गेले की डबा सुटायचा, मग दोर सुटायचा. विहिरीच्या थारोळ्यावरून सूर मारायची किंवा मुटका मारायची परवानगी सर्वांत शेवटी. उडी मारायला पोरांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. शिकवावं लागायचं ते पाण्याखालून वर यायला. बेस जंपिंगचं रीतसर शिक्षणही याच क्रमाने चालतं, हे पाहून मला मोठी गंमत वाटली.

पहिली पायरी म्हणजे विमानातून उड्या. अमेरिकेत स्कायडायव्हिंगचा सर्वांत प्राथमिक परवाना मिळायलाच किमान २५ उड्या लागतात. बेस जंपिंगचा पहिला वर्ग घेणारे शिक्षक साधारणपणे २०० उड्यांचा अनुभव मागतात. वेस्ट व्हर्जिनियात दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी न्यू रिव्हर गॉर्जच्या ८७६ फूट उंच पुलावरून उड्या मारण्याचा मेळा भरतो, तिथेही शंभराची अट आहे. नुसता आकडा भरून उपयोग नाही. त्या उड्यांत छत्री हाताळायला शिकायचं असतं. ठरवलेल्या घोंगडीएवढ्या जागेत उतरता येणं, वाऱ्याच्या उलट तोंड करून उतरणं, कमी वेगात छत्री पडू न देणं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे छत्री उघडताक्षणी तिला वळवणं.

इथे जरा थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. छत्री उघडते तेव्हा ती कुठे तोंड करून उघडेल याची खात्री नसते. घडी थोडी वाकडी बसली, एक खांदा खाली गेला, वारा आडवा आला, तर ती उलट्या दिशेने, म्हणजे कड्याकडे तोंड करून उघडू शकते. आजची छत्री पंखासारखी असते. उघडली की लगेच पुढे धावते. आणि पुढे दगड. मैदानावर, विमानाखाली, अशी उलटी उघडलेली छत्री म्हणजे काहीच नाही, माणूस हसत वळवून घेतो. कड्याजवळ तीच चूक जिवावर बेतते. त्या वेळी खांद्यावरचे मागचे पट्टे दोन्ही हातांनी ओढून छत्री थोपवायची आणि उलटी फिरवायची असते. त्यासाठी एक सेकंद मिळतो, फार तर दोन. एवढ्यात विचार करता येत नाही. हाताने ते आपोआप केलं पाहिजे. दोनशे उड्या त्यासाठी. प्रत्येक वेळी, गरज नसताना, छत्री उघडली की हात पट्ट्यांवर गेलाच पाहिजे, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी तो चुकणार नाही. आपल्याकडे तबलजी वर्षानुवर्षं एकच कायदा घोटतो ना, तसंच.

मग घडी घालायला शिकायचं. विमानाच्या उड्यांत पैसे देऊन दुसऱ्याकडून घडी घालून घेता येते. इथे आपली छत्री आपणच बांधायची, तासभर बसून, दोरी न् दोरी पाहून. हाताने फेकायची छोटी छत्री, जी मोठीला ओढून बाहेर काढते, ती इथे आकाराने मोठी लागते, कारण वेग कमी असतो. विमानातल्या उडीत छत्री हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवर कापडाचा एक चौकोनी तुकडा असतो. कमी उंचीच्या उडीत तो काढून टाकतात, कारण हळू उघडायला वेळच नसतो. किती उंचीला काय, हा हिशेब पाठ असावा लागतो.

आणि मग पहिली उडी. ती कड्यावरून नसते, पुलावरून असते. पुलाखाली मोकळी हवा असते, आदळायला भिंत नसते, खाली पाणी असतं. पेरीन पुलावर वर्षभर परवानगीशिवाय उडी मारता येते, म्हणून जगभरचे शिकाऊ तिथे येतात. पहिल्या उडीत शिकाऊ माणसाची छोटी छत्री शिक्षक स्वतःच्या हातात धरून उभा राहतो. विद्यार्थ्याने उडी मारली की ती त्याच्या हातात ताणली जाते आणि मोठी छत्री ताबडतोब उघडते. वाचताना मला विहिरीच्या काठावरचा तो दोर धरलेला हात दिसला. कड्याची पाळी यानंतर कितीतरी उड्यांनी येते, आणि तीही जाणत्या माणसाच्या सोबतीने.

लष्करातही असंच आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला आपल्या छत्रीधारी सैनिकांची जी पलटण उतरली, ती दुसरी पॅरा, मराठा पलटण. आपल्याच खेड्यापाड्यांतली पोरं त्या पलटणीत असत. आजही आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जवानांना आधी जमिनीवर पडायला शिकवतात. पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून, अंग लोळवून. महेंद्रसिंग धोनी २०१५ साली तिथे गेले, तेव्हा त्यांनाही आधी हे जमिनीवरचे धडे गिरवावे लागले आणि मगच पाच उड्या मारून पॅराट्रूपरचं पंखांचं चिन्ह मिळालं.

यावर त्या मुलाने मला अचूक पेचात पकडलं. म्हणाला, “सर, पण शीतल महाजनांनी तर पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली!” बरोबर आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, उणे ३७ अंश तापमानात, २,४०० फुटांवरून उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि त्याआधी सरावाची एकही उडी त्यांच्या खात्यावर नव्हती. त्या धाडसाला सलामच. पण ती उडी हेलिकॉप्टरमधून होती. आजूबाजूला आकाश आणि खाली सपाट बर्फ, भिंत कुठेही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढे फ्री फॉलचं तंत्र शिकल्या, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या खंडावर उडी मारली, शेकडो उड्या साठवल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उतरल्या. २०११ ची पद्मश्री या सगळ्या वाटचालीची आहे. पहिली उडी लोकांच्या लक्षात राहते, पुढच्या सरावाची बातमी होत नाही. बेस जंपिंगमध्ये भारतातली पहिली महिला म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या अर्चना सरदाना यांनीही आधी गिर्यारोहण आणि स्कायडायव्हिंगचं शिक्षण घेतलं आणि मगच कडेवर उभ्या राहिल्या.

मला सर्वांत पटलेलं उदाहरण एका ऑस्ट्रेलियन बाईंचं आहे आणि ते घडलं आपल्याच देशात. हीदर स्वान यांनी कधी डोंगर चढला नव्हता की विमानातून उडी मारली नव्हती. त्यांचे पती ग्लेन सिंगलमन डॉक्टर. त्यांनी १९९२ मध्ये पाकिस्तानातल्या ग्रेट ट्रँगो शिखरावरून उडी मारली होती. या जोडप्याने गढवालमधल्या मेरू पर्वतावरून पंखांचा पोशाख घालून उडी मारायचं ठरवलं. मग हीदर यांची अनेक वर्षं शिकण्यात गेली. आधी स्कायडायव्हिंग, मग बेस जंपिंग, मग पंखांचा पोशाख, शिवाय बर्फातलं गिर्यारोहण. मे २००६ मध्ये ६,६०४ मीटर उंचीवरून दोघांनी झेप घेतली आणि दोघंही सुखरूप उतरले. हे सगळं त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. “एवढी वर्षं?” म्हणाला.

शिक्षण घेतलं म्हणजे धोका संपला, असं मात्र कुणी समजू नये. नॉर्वेतल्या केराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात मारलेल्या २०,८५० उड्यांचा डॉक्टरांनी अभ्यास केला. त्यात नऊ मृत्यू आणि ८२ इतर अपघात झाले होते. म्हणजे सुमारे २,३०० उड्यांमागे एक मृत्यू. आणि केरागला उडणारे लोक नवशिके नव्हते. डोंगर जाणत्यालाही सोडत नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या कोकणकड्याच्याच परिसरात रॅपलिंगच्या मोहिमेत ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. सह्याद्री कोळून प्यालेला माणूस. ज्याच्याकडून इतरांनी शिकावं, असा.

आता कोकणकड्याचा विचार करा. तो नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे, म्हणून वरून सुटलेली वस्तू भिंतीला न घासता पडते. ही झाली जमेची बाजू. पण तो नालेसारखा अर्धगोलही आहे. छत्री कुठल्याही बाजूला वळून उघडली तरी समोर पुन्हा कडाच यायची भीती. आणि तिथला वारा तर प्रसिद्धच आहे. लोक हौसेने रुमाल, टोपी खाली टाकतात आणि ती उलटी वर येते. टाळ्या वाजतात. रुमाल वर आणणारा तोच वारा छत्रीचं काय करील, हे वर्षभर रोज तो वारा मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. शिवाय हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे असलं काही करता येत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात म्हटलं आहे. सहलीला जाणाऱ्यांनी आयोजकाकडे ती नोंदणी मागावी, शिकवणाऱ्याने स्वतः कुणाकडून शिक्षण घेतलं हे विचारावं. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या दोराला लटकू नये.

शिक्षणातला एक धडा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला वर नेण्याआधी खाली नेतो. उतरायची जागा पायी फिरून पाहायची. खडक कुठे, झाडं कुठे, विजेच्या तारा कुठे, पाय मोडला तर गाडी कुठवर येईल. मग वर जायचं, आणि वारा बरा नसेल तर छत्री पाठीवर घेऊन आल्या वाटेने खाली उतरायचं. सोबत्यांनी कॅमेरे लावलेले असताना, महिनाभराचा खर्च झालेला असताना, असं परत फिरणं हासुद्धा सरावाचा भाग आहे, असं हे लोक मानतात.

त्या मुलाला मी विचारलं, “कोकणकडा तू खालून पाहिलायस का?” शेकडो वेळा कड्यावर गेलेला तो पोरगा म्हणाला, नाही. म्हटलं, “मग आधी मुरबाडकडून बेलपाड्याला जा. कड्याच्या पायथ्याशी उभा राहा. छत्री उतरवायला मोकळी जागा सापडते का ते बघ, आणि जखमी माणसाला तिथून रस्त्यापर्यंत आणायला चार माणसांना किती तास लागतील ते गावकऱ्यांना विचार.” त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि बेलपाड्याची एसटी कुठून सुटते ते विचारू लागला.